उसन्या उन्हाळ्याची फुले

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. क्षणभंगुर दिमाखाला उद्देशून ती वापरली जाते आणि तिच्यात किंचित उपहासही असतो. परंतु हाच तेरडा इंग्लंडमधील एखाद्या बागेत फुलवावयाचा असेल, तर त्या तीन दिवसांच्या रंगामागे तीन महिन्यांची पूर्वतयारी उभी करावी लागते. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारावर जो आपसूक उगवतो, गौरीच्या सणात ज्याच्या रोपाला मान मिळतो, त्याचे बी तेथे वसंताच्या आरंभी घराच्या आत, काचेआड आणि उसन्या उबेत पेरावे लागते. पाऊस आणि ऊन यांनी जे आपल्याला फुकट दिले, त्याची तेथे पै-पैची किंमत मोजावी लागते.

व्यापार, शिक्षण आणि नोकरी यांच्या निमित्ताने आज अनेक कुटुंबांची एखादी शाखा इंग्लंडमध्ये, जर्मनीत, कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थिरावलेली आहे. घरामागच्या लहानशा बागेत झेंडू, तेरडा, गुलबक्षी फुलावी, ही तेथील सुनेची वा आजीची इच्छा स्वाभाविक होय. ती इच्छा पुष्कळदा पहिल्याच वर्षी कोमेजते. दोष हाताचा नसतो, मातीचाही नसतो. दोष पंचांगाचा असतो. माल उत्तम असूनही हंगाम चुकला म्हणजे भांडवल अडकते, हे व्यापारी घराला निराळे सांगावयास नको. थंड प्रदेशातील उष्ण कटिबंधीय फुलांचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

पाहुणे कोण आणि कोठले?

बीज रुजण्यापासून पुन्हा बीज धरेपर्यंतचे संपूर्ण आयुष्य एकाच हंगामात संपविणाऱ्या वनस्पतीला वर्षायू म्हणतात. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस या मेक्सिकोकडच्या वर्षायू वनस्पती आहेत. तेरडा भारत आणि आग्नेय आशियाचा. दसऱ्याच्या तोरणात झेंडू इतका रुळला आहे की, तो परदेशातून आला ही गोष्ट सांगूनही पटत नाही. युरोपात तर मोठ्या फुलाच्या झेंडूला ‘आफ्रिकन’ हे नाव चिकटले; त्याचा आफ्रिकेशी जन्मसंबंध मुळीच नाही. नावे अशी फसवी असतात, म्हणून तेथे बियाण्याचे पाकीट घेताना सावध राहावे. ‘पॉट मेरिगोल्ड’ या नावाने विकले जाणारे फूल म्हणजे आपला झेंडू नव्हे; ते कॅलेंड्युला होय. ते थंडी सोसते आणि उघड्या वाफ्यात सरळ पेरता येते. झेंडूला ती मुभा नाही.

दुसरा वर्ग अधिक मनोरंजक आहे. मूळची मादागास्करची सदाफुली आपल्या अंगणात वर्षानुवर्षे फुलत राहते. दक्षिण अमेरिकेची पिटुनिया, बिगोनिया, रंगीत पानांचा कोलियस यांचेही तसेच. मायदेशी या वनस्पती एकाहून अधिक वर्षे जगतात. थंड प्रदेशात मात्र पहिला हिवाळा हाच त्यांचा अंत असतो. म्हणून तेथील माळी त्यांनाही वर्षायूच मानतात आणि दरवर्षी नव्याने लावतात. निसर्गाने दिलेले आयुष्य आणि हवामानाने मंजूर केलेले आयुष्य यांतील हे अंतर आहे. गुलबक्षी आणि कर्दळ यांची जमिनीखालची मुळे वा गड्डे शरदाच्या अखेरीस उकरून, कोरड्या आणि न गोठणाऱ्या जागी ठेवता येतात. म्हणजे पुढील वर्षी ती पुन्हा लावता येतात.

थंडीचा घाव कोठे बसतो?

उष्ण प्रदेशातील रोपाला थंडी दोन प्रकारे मारते. पहिला प्रकार चटकन लक्षात येत नाही. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिले की, बर्फ न पडताही रोपाची वाढ खुंटते. मुळे पाणी नीट शोषत नाहीत, पाने पिवळी वा जांभळट पडतात. झिनिया आणि कोंबडा यांसारखी रोपे एकदा अशी थिजली म्हणजे पुढे ऊब मिळूनही पूर्वीच्या जोमाने उभारी धरीत नाहीत. दुसरा प्रकार उघड असतो. रात्री पारा शून्याखाली जातो आणि पानांवर दहिवर गोठते. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होतो, तो पेशींतील पाणी ओढून घेतो आणि पेशींची आवरणे फाटतात. सकाळी उन्हे आली की, काल हिरवेगार असलेले रोप काळे पडून लोळण घेते. त्याला उपाय नाही.

इंग्लंडच्या मध्य आणि उत्तर भागांत अशी रात्र मे महिन्याच्या उत्तरार्धातही येऊ शकते. स्कॉटलंडमध्ये जून उजाडल्यावरही ती धास्ती असते. एप्रिलमध्ये चार दिवस लख्ख ऊन पडते, दुकाने फुललेल्या रोपांनी भरून जातात आणि नवखा मनुष्य मोहात सापडतो. जुने लोक थांबतात. जर्मनीत 11 ते 15 मे या दिवसांना ‘हिमसंतांचे दिवस’ म्हणतात; अखेरचा दिवस संत सोफीचा. तो उलटल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावावयाचे नाही, हा तेथील परंपरागत दंडक आहे. आपला शेतकरी जसा मृगाकडे डोळे लावतो, तसाच हा लोकानुभव आहे. दोन्हींचे मर्म एकच: पहिल्या सरीला किंवा पहिल्या उन्हाला भुलू नये.

प्रकाशाचे गणित

तापमानाचे कोडे सुटले तरी दुसरे एक शिल्लक राहते. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे 11 तासांचा असतो. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान असतो. वनस्पती हे अंतर ओळखतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1920 साली हे प्रथम स्पष्टपणे मांडले. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात शेतात नुसतीच उंच वाढत असे आणि हिवाळ्यात काचगृहात मात्र फुलत असे. कारण ऊब नव्हते, खतही नव्हते. दिवसाची लांबी हेच कारण होते.

उंच वाढणारा, मोठ्या फुलाचा झेंडू दिवस लहान असताना लवकर कळी धरतो. हेच बी मे महिन्यात पेरले, तर जून-जुलैच्या लांबलचक दिवसांत त्याची पुष्कळशी जाती पानांचाच संसार वाढवितात आणि फुले ऑगस्टच्या अखेरीस, कधी त्याहूनही उशिरा येतात. तोवर थंडी दाराशी आलेली असते. म्हणून जाणते माळी हा झेंडू मार्चमध्येच, दिवस लहान असताना, घरात पेरतात आणि कळीची तयारी आधीच करून घेतात. मोठ्या रोपवाटिकांमध्ये रोपांवर रोज काळे कापड ओढून दिवस कृत्रिमरीत्या लहान केला जातो. ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी बुटका, लहान फुलांचा ‘फ्रेंच’ झेंडू लावावा. त्याला दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नसते.

काच स्वस्त झाली आणि बागा बदलल्या

एकेकाळी हा सारा खटाटोप केवळ उमरावांना परवडणारा होता. ब्रिटनमध्ये 1746 पासून काचेवर जकात होती. ती 1845 साली रद्द झाली, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय घरामागेही लहान काचगृह उभे राहू लागले. करातील एका बदलाने एका देशाच्या बागांचे रूप पालटावे, हे उदाहरण व्यापाऱ्याने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. पुढे सहाच वर्षांनी, 1851 साली, जोसेफ पॅक्स्टन यांनी लंडनच्या महाप्रदर्शनासाठी काचेचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला. पॅक्स्टन हे मूळचे चॅट्सवर्थ येथील माळी होते.

याच चॅट्सवर्थचे दुसरे माळी जॉन गिब्सन यांना 1835 साली वनस्पती गोळा करण्यासाठी भारतात धाडण्यात आले. कलकत्त्याची वनस्पती-बाग आणि खासी टेकड्या पाहून, असंख्य ऑर्किडे घेऊन ते परतले. पुढे लंडनच्या बॅटरसी पार्कची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हा 1860 च्या दशकात त्यांनी तेथे उष्ण कटिबंधाचा भास देणारी एक बाग रचली. भव्य पानांच्या, भडक रंगांच्या वनस्पती उन्हाळ्यापुरत्या उघड्यावर मांडावयाच्या आणि थंडीआधी पुन्हा आत न्यावयाच्या, ही ती कल्पना. सामान्य लंडनकराला पैसा न मोजता पाहता येणारी ही नवलाई होती.

काळाच्या ओघात रुची बदलली. भडक रंग हे असंस्कृतपणाचे लक्षण, असे मानणाराही एक पक्ष तेथे निर्माण झाला. त्याला सर्वांत धीट उत्तर ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथे ख्रिस्टोफर लॉइड यांनी दिले. त्यांच्या घराण्याची गुलाबाची बाग नामवंत वास्तुशास्त्रज्ञ लुटयेन्स यांच्या आराखड्यातील होती. तेथील जुने गुलाब रोगट झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या लॉइड यांनी 1993 साली आपले प्रमुख माळी फर्गस गॅरेट यांच्या साहाय्याने ते उपटून टाकले आणि त्या जागी केळी, कर्दळ, डेलिया यांची दाट बाग लावली. पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, इतर बागा थकलेल्या असताना, ही बाग ऐन भरात असते. उष्ण प्रदेशातील फुलांचा खरा उपयोग तेथेच आहे: जून महिना स्थानिक फुलांचा असतो, उतरता उन्हाळा या पाहुण्यांचा.

मार्च ते ऑक्टोबर: घरगुती क्रम

मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पेरणी घरात करावी. रुजण्यासाठी 18 ते 24 अंश ऊब पुरेशी असते. बियांच्या आकारातील फरक विस्मयकारक आहे. झेंडूचे बी एका ग्रॅममध्ये 300 च्या आसपास भरते. बारीक बिगोनियाचे 70 हजारांच्या घरात. झेंडू मातीने हलके झाकावा, बिगोनिया मात्र मातीवर नुसती भुरभुरावी. झाकली तर ती उगवत नाही.

उगवणीनंतर उबेपेक्षा उजेड महत्त्वाचा ठरतो. गरम खोलीत आणि अंधुक प्रकाशात वाढलेले रोप लांबट, फिकट आणि दुबळे होते. दक्षिणेकडील खिडकी निवडावी, तबक रोज फिरवावे आणि उगवण झाल्यावर खोलीची ऊब थोडी कमी करावी. पाणी बेताने आणि शक्यतो तबकाच्या तळातून द्यावे. सदैव ओल्या मातीत रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात.

मेच्या मध्यापासून रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावावी. पहिले दोन-तीन दिवस सावलीत तासभर, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, रात्री आत. दहा ते चौदा दिवसांच्या या शिस्तीत पाने जाड होतात आणि वारा सोसू लागतात. हा टप्पा वगळणे ही सर्वाधिक आढळणारी घाई आहे. रोपे कायमची बाहेर लावावयाची ती मे सरता सरता, उत्तरेकडे जूनमध्ये. खत बेताचे द्यावे. नत्र अधिक झाले की पाने माजतात आणि फुले रुसतात.

त्यानंतरचे महत्त्वाचे काम म्हणजे कोमेजलेले फूल वेळीच खुडणे. वर्षायू वनस्पतीचे उद्दिष्ट फूल नव्हे, बीज होय. बीज धरू लागले की तिचे कार्य संपत येते. फूल खुडत राहिले की, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि बहर पहिल्या कडाक्यापर्यंत लांबतो. दसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो आणि इंग्लंडच्या बऱ्याच भागांत झेंडू तोवर उभा असतो. घरच्या फुलांचे तोरण तेथेही दाराला लावता येते. दिवाळीची खात्री मात्र देता येत नाही.

गोगलगाय हा झेंडूच्या कोवळ्या रोपाचा मोठा शत्रू मानला जातो. या बाबतीत तेथील विचार बदलत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. गोगलगायींसाठी वापरले जाणारे मेटाल्डिहाइड हे विष ब्रिटनमध्ये 2022 सालापासून बागेत वापरण्यास बंदी आहे. त्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने गोगलगायींना ‘कीड’ म्हणणे सोडून दिले. कवच नसलेल्या गोगलगायींच्या ब्रिटनमधील सुमारे 44 जातींपैकी केवळ नऊ जाती बागेतील रोपे खातात, उरलेल्या मृत पालापाचोळ्यावर जगतात, असे तिने सांगितले. रोप मोठे करूनच बाहेर लावणे, कुंड्या उंचावर ठेवणे, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालणे आणि सायंकाळी आढळलेली गोगलगाय उचलून दूर पालापाचोळ्यात सोडणे, हे जीव न घेता करता येण्याजोगे उपाय आहेत.

एकाच मालावर भिस्त

या फुलांमागे एक मोठा व्यापार उभा आहे आणि त्याच्या इतिहासात एक धडा आहे. आपल्या तेरड्याची एक आफ्रिकी बहीण आहे. पूर्व आफ्रिकेच्या या फुलाला इंग्लंडमध्ये लाडाने ‘बिझी लिझी’ म्हणतात. सावलीतही अखंड फुलणारी, बुटकी, स्वस्त आणि देखभाल न मागणारी अशी ही वनस्पती आहे. कोस्टा रिकात क्लॉड होप यांनी तिच्या सुधारित संकरित जाती घडविल्या आणि तिने बाजार काबीज केला. घरोघरी, उद्यानांत, चौकांत तीच दिसू लागली.

मग रोग आला. पानांच्या खाली पांढरी बुरशीसारखी पूड धरते, पाने गळतात आणि काही दिवसांत केवळ काड्या उरतात. 2011 साली ब्रिटनमध्ये आणि 2012 साली अमेरिकेत या केवडा रोगाने एवढा कहर केला की, अनेक उत्पादकांना हे रोप विकणेच थांबवावे लागले. रोग दमट हवेत वाऱ्याबरोबर पसरत होता आणि सर्वत्र एकच वनस्पती असल्याने त्याला अडथळा कोठेच नव्हता. ज्यांचे उत्पन्न याच रोपावर अवलंबून होते, त्यांचा हंगाम बुडाला. ज्यांच्याकडे बिगोनिया, कोलियस असा निराळा मालही होता, ते तगले. काही वर्षांच्या संशोधनानंतर रोगाला तोंड देणाऱ्या नव्या जाती बाजारात आल्या. परंतु एकाच वनस्पतीने वाफे भरू नयेत, ही समज त्या आघातानेच दृढ केली.

संकरित बियाण्याची आणखी एक बाजू जाणून घ्यावी. पहिल्या पिढीतील संकरित रोप सारखे, सुडौल आणि भरघोस असते. पण त्याचे बी धरून पुन्हा पेरले, तर पुढली पिढी आईबापांप्रमाणे निपजेलच असे नाही. म्हणून ते बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. या उद्योगात भारतही उतरला. बंगळूरु येथे मनमोहन अत्तावर यांनी 1965 साली संकरित बियाण्यांची संस्था उभी केली, ती या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी एक मानली जाते. घरी बी धरावयाचे असेल, तर मात्र संकरित नसलेल्या जाती निवडाव्यात. भारतातून बी पाठविण्याचा मोह आवरावा. रोगांचा प्रसार रोखण्यासाठी अनेक देश वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र मागतात. तेथेच विकत घेतलेल्या पाकिटापासून आरंभ करणे हे सरळ होय.

एका पांढऱ्या झेंडूसाठी

घरी बी धरण्यातून काय साधू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. झेंडू पिवळा, केशरी, तांबूस. पांढरा झेंडू नव्हताच. फिलाडेल्फियातील बियाण्यांचे व्यापारी डेव्हिड बर्पी यांनी 1954 साली जाहीर केले की, जो कोणी खरा पांढरा झेंडू निपजवील त्याला 10 हजार डॉलर मिळतील. हजारो हौशी माळी कामाला लागले. हे बक्षीस 21 वर्षांनी, 1975 साली, आयोवा राज्यातील सली या गावच्या ॲलिस व्हॉंक यांना मिळाले.

आयोवात हिवाळा कडक असतो. बर्फाच्या त्या प्रदेशात झेंडूचे एकही रोप वसंत पाहत नाही. हाती उरते ते केवळ बी. वर्षाला एकच पिढी, एकच संधी. व्हॉंक यांची पद्धत साधी होती: वाफ्यात सर्वांत फिकट दिसणाऱ्या फुलाचे बी राखावयाचे आणि पुढील वर्षी तेच पेरावयाचे. प्रयोगशाळा नव्हती, कामगार नव्हते. शरदात सारी बाग काळी पडून जात असे आणि निवडलेल्या बियांत आजवरचे सारे काम शिल्लक राहत असे. जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढावी, तसे.

थंड देशातील वर्षायू फुलांची बाग म्हणजे दरवर्षी शून्यापासून मांडलेला संसार, असे वरवर दिसते. तसे ते नाही. गेल्या वर्षी शेवटचे दहिवर कोणत्या तारखेला गोठले, कोणते बी किती दिवसांत रुजले, कोणत्या कोपऱ्यात वारा अधिक लागला, हे टिपून ठेवणाऱ्याची बाग दुसऱ्या वर्षी आठवडाभर आधी फुलते. म्हणून परदेशी असलेल्या मुलाबाळांना या दसऱ्याला एक सूचना अवश्य कळवावी: अंगणातील झेंडूची सारी फुले तोरणाला लावू नयेत. सर्वांत सुंदर दोन-चार फुले रोपावरच वाळू द्यावीत, कोरड्या दिवशी त्यांचे बी काढावे आणि कागदाच्या पुडीवर जातीचे नाव व साल लिहून थंड, कोरड्या जागी ठेवावे. मार्चमध्ये, बाहेर अजून दहिवर गोठत असताना, ती पुडी उघडता येईल.